छत गप्प झालं तेव्हा

अंधारात स्वतःचा हात दिसतो का? नवा माणूस खाणीत उतरला की मी त्याला हा प्रश्न हमखास विचारायचो. चांगला आतपर्यंत न्यायचा, टोपीवरचा दिवा विझवायला लावायचा, माझाही विझवायचा आणि म्हणायचं, "आता डोळ्यापुढं हात हालव. दिसते का?"

बहुतेक जण म्हणायचे, "हो जी, थोडा थोडा दिसते."

काही दिसत नाही. कोळशाच्या खाणीत दिवा विझला की उजेड म्हणून काही उरतच नाही. पण हात आपला, हालवतोय आपण, त्यामुळे डोकं डोळ्यांना परस्पर काहीतरी काळं हलताना दाखवतं. वरून पाहणीला आलेले एक मोठे साहेब तर म्हणाले, "अंगठीसुद्धा दिसते हो मला!" मी दिवा लावला. अंगठी साहेबांच्या दुसऱ्या हातात होती.

मी आणि छताला टेकू लावणारा माझा टिंबर मिस्त्री राजन्ना, आम्ही त्या साहेबांवर कितीतरी वर्षं हसलो. मग माझीच पाळी आली. त्यात देवानंद गेला. माझा ड्रिलर, मूलजवळच्या गावचा, शांत माणूस. दिवाळीच्या अंकासाठी खाणीतल्या गमती लिहा असं मला सांगण्यात आलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की देवानंदच समोर येतो, तेव्हा तेच लिहितो.

मी मायनिंग सरदार होतो. सरदार म्हटलं की बाहेरच्या माणसाला पगडी-तलवार दिसते. आमच्याकडे सरदाराजवळ काठी असते. माणसं कामाला लागण्याआधी त्यानं आत जायचं, हवा तपासायची, काठीनं छत ठोकून पाहायचं आणि मग सांगायचं की या इथं बसून काम करा, तिथं पाय ठेवू नका. मजबूत छत टणटणीत वाजतं. आतून सुटलेलं छत भद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. ठोकताना दुसऱ्या हाताचा पंजा छताला लावून ठेवायचा, म्हणजे जे कानाला कळतं ते हातालाही कळतं. धोका वाटला तर सरदारानं माणसं बाहेर काढायची. मॅनेजरची परवानगी लागत नाही. "चला" म्हटलं की चला.

आमची खाण चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाखाली. नाव लिहीत नाही. वर साग, मोह, बांबू, आणि खाली आम्ही. आधी कोळशात गल्ल्या पाडतात आणि मधे चौकोनी खांब सोडतात. त्या खांबांवर वरचं जंगल उभं असतं. गल्ल्या संपल्या की उलट फिरून तेच खांब काढत काढत मागं यायचं. हसू नका, असंच असतं. मागं जी पोकळी राहते तिला आम्ही गोफ म्हणतो. गोफातलं छत पडायचंच असतं. ते आपण निघून गेल्यावर पडावं, एवढंच पाहायचं. अशी पडलेली जागा वरून ओळखू येते. जमीन बसते, तळं साचतं, सागाची झाडं एकमेकांकडं कलतात. सुट्टीच्या दिवशी मी तिथून सायकलनं जायचो तेव्हा पाय आपोआप जोरात चालायचे.

काम चालू असताना छताला लाकडाचे टेकू देतात. मधे लोखंडी टेकू आले, दिसायला देखणे. राजन्ना त्यांच्याकडं बघून नाक मुरडायचा. तो सिरोंचाकडचा, घरात तेलुगू बोलणारा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणायचा, "सरदार, लोखंड मुकं राह्यते. लाकूड मरायच्या आधी सांगते."

खरं आहे ते. छत खाली यायचं असलं की आधी बारीक माती झरते. मग टेकू कर्रकर्र करायला लागतो. मग गोफाच्या पोटातून धप्प असा आवाज येतो. आम्ही म्हणतो, छत बोलून राह्यलं. हात कोळसा भरत असू देत नाहीतर भाकर मोडत असू देत, प्रत्येकाचा एक कान वर असतो. पहिला आवाज झाला की सगळे सरदाराकडं बघतात. तो उठला की उठायचं.

तर निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली असताना आमच्या भागातलं छत गप्प झालं.

असं कधी झालं नव्हतं. आम्ही खांब काढत होतो आणि छत हूं की चूं करत नव्हतं. पाण्याचा थेंब पडताना दिसायचा, डबक्यात गोल उठायचा, आवाज नाही. कोळसा वाहून नेणारा पट्टा दूरवर सरकताना दिसायचा, तोही जणू चोरपावलांनी. वळून पाहावं तर राजन्ना खांद्याला खांदा लावून उभा! कधी आला, कसा आला, पत्ता नाही. एकदा तर मी चक्क ओरडलो. तो म्हणाला, "मीच होय जी, सरदार." त्याचे ओठ हलले म्हणून कळलं.

गोफात कुणीतरी चालतं अशी आमच्याकडं जुनी गोष्ट होती. मी ती उडवून लावायचो. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भूतखेत बंद. खाणीच्या तोंडाशी देवीचं मंदिर होतं, तिथं सगळे हात जोडायचे. मी नुसती टोपी काढून उभा राहायचो आणि पुढं जायचो. पण त्या वर्षी गोफाकडं पाठ करून बसलो की मानेवर काटा यायचा. मागं काहीतरी आहे, आणि ते श्वास रोखून आहे, असं वाटायचं.

तरी मी काय म्हणत होतो स्वतःला? म्हणत होतो, छत बसलं. इतकी वर्षं दाबून दाबून आता ते पक्कं झालं. चांगलं लक्षण आहे!

घरी आमची शांता वेगळंच सांगायची. "अवो, टीव्हीचा आवाज किती ठेवता? शेजारची भिंत हालून राह्यली." मी म्हणायचो टीव्ही खराब आहे. नवा आणला. त्या नव्या टीव्हीतही तोच दोष निघाला. ती पाठमोरी काही बोलली आणि मी उत्तर दिलं नाही की भांडी आपटायची, आणि मला वाटायचं, बाई आजकाल फार चिडचिड करते.

मी बहिरा होत होतो. जवानीत ड्रिल चालवलेलं, बारा महिने सुरुंगाचे बार. कान जाणारच होते. आज किती सोपं वाक्य आहे हे! तेव्हा ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. ठोकलेलं छत हाताच्या पंजाला अजून नीट कळत होतं, त्यामुळे माझं ठोकणं बरोबर असायचं आणि त्याचाच मला आधार होता. गेलं होतं ते बारीक ऐकणं. माती झरणं, लाकडाचं कर्रकर्र, मागून येणारी पावलं.

मेडिकल तपासणी झाली. कानाला टोप लावून बसवतात, आत टींग वाजलं की बटण दाबायचं. समोर औषधांचं कपाट होतं. त्याच्या काचेत मशीनवाल्याचा हात दिसत होता. हात हलला की मी बटण दाबायचो. पास! आणि गंमत ऐका, बाहेर येताना मी मनाशी खोटंसुद्धा बोलत नव्हतो. मला खरंच वाटत होतं की मला ऐकू आलं, आणि हातही दिसला.

त्या काळात तीन वेळा एक अजब झालं. पहिल्या वेळी राजन्ना म्हणाला, "सरदार, आज सगळेच वर जाऊन पाणी पिऊ, इथलं गरम झालं." आम्ही निघालो. पहिल्या वळणापलीकडं पोहोचलो आणि मागून धुळीचा वारा आला, पायाखालची जमीन धडधडली. आम्ही बसलो होतो ती जागा गेली. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, मागचा टेकू बघायला चला, सगळ्यांना घेऊन चला. तिसऱ्या वेळी काय म्हणाला ते आठवत नाही, पण "चला" हा शब्द प्रत्येक वेळी त्यानं माझ्याच तोंडून वदवून घेतला. लोकांनी पाहिलं ते इतकंच की सरदार उठला, आणि मग छत पडलं.

झालं! माझं नाव झालं. दुसऱ्या पाळीतली माणसं माझ्या गँगमध्ये यायला बघू लागली. मॅनेजर साहेबांनी पाठीवर थाप मारली. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "कसं कळते जी तुमाले?" पहिल्यांदा मी म्हणालो, अनुभव. मग म्हणू लागलो, पायाला कळतं. शेवटी शेवटी नुसता हसायचो, आणि ते हसणं सगळ्यात वाईट होतं. मी काही ऐकलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण एवढी माणसं म्हणतात तर काहीतरी असेलच की, असं मनात पक्कं बसत गेलं. तिन्ही वेळा राजन्नानं काढलं हे डोळ्यासमोर घडलं होतं. मी तिकडं पाहायचं टाळलं.

मग राजन्ना सुट्टीवर गेला, नातवाच्या बारशाला, सिरोंचाला.

सकाळची पाळी. एका खांबाचा शेवटचा तुकडा काढायचा होता. माझ्यासोबत देवानंद, दोन कोळसा भरणारे आणि राजन्नाच्या जागी आलेला एक मिस्त्री. मी छत ठोकलं. हाताला ठीक लागलं. माणसं कामाला लावली आणि गल्ल्यांच्या चौकात एका ओंडक्यावर बसलो. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढली.

थोड्या वेळानं देवानंदचा ड्रिल थांबला. त्यानं वर पाहिलं आणि मग माझ्याकडं वळला. खाणीत कुणी तुमच्याकडं पाहिलं की त्याच्या टोपीवरचा उजेड तुमच्या तोंडावर पडतो. त्याचा दिवा पडला. मग दुसऱ्याचा. मग तिसरा, चौथा. चार उजेड माझ्या तोंडावर, आणि त्यांच्यामागची तोंडं काळी. सगळं स्तब्ध होतं. मला वाटलं, यांना खर्रा खायचा आहे. मी हातानं खूण केली, चालू द्या. दिवे एकेक करून वळले.

मी खर्रा घोटत बसलो. छताजवळ, उजेडाच्या पट्ट्यात, पिठासारखी माती खाली येताना दिसली. बारीक धार होती. दिसली मला, नाही म्हणत नाही. मी म्हटलं, खाणीत हवा सोडणाऱ्या पंख्यानं असेल.

पुन्हा चारही दिवे माझ्याकडं आले. या वेळी ते लवकर वळले नाहीत. मला उगाच अस्वस्थ वाटलं, जणू मी काहीतरी विसरलोय आणि हे सगळे ते आठवायची वाट पाहताहेत. मी हसलो. टपरीवर हसायचो तसाच. दिवे वळले, ड्रिल चालू झाला.

मग देवानंदच्या डोक्याजवळचा टेकू मी पाहिला. त्याचा माथा फाटत होता. लाकडाचे तंतू एकेक करून उभे राहत होते, सावकाश, आणि कसलाही आवाज नव्हता. स्वप्नात असतं ना, समोर सगळं मोडतं आणि आपल्याला काही ऐकू येत नाही, तसं. मी ओरडलो, "भागा!" तिघं सुटले. वाऱ्यानं मला उचलून भिंतीवर टाकलं. दिवा परत लावला तेव्हा देवानंद होता तिथं दगड होते.

त्याला काढायला संध्याकाळ झाली. मी सगळा वेळ तिथंच होतो. त्याचा टोपीवरचा दिवा दगडाखालून चालूच होता, एका फटीतून उजेड येत होता, आणि जोपर्यंत उजेड येतोय तोपर्यंत तो जिवंत आहे असं मी प्रत्येकाला सांगत होतो. डॉक्टर म्हणाले, तो तेव्हाच गेला होता.

चौकशी बसली. तिघांनी एकच जबाब दिला. "कायीच आवाज नाई आला साहेब. एकदम पडलं." कागदावर तसंच आलं, पूर्वसूचना नसताना छत कोसळलं. मी सही केली. त्या दिवसानंतर मला झोप लागायला लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण लागली. कुणालाच ऐकू आलं नाही, मग मला कुठून येणार? मी रडलो, त्याच्या घरी जाऊन आलो, मातीला गेलो, आणि आतून मात्र सुटलो होतो.

राजन्ना परतल्यावर माझ्याजवळ येईना. सुट्टीच्या दिवशी मीच त्याला गाठायला निघालो आणि तो त्या बसलेल्या जमिनीजवळच्या तळ्यापाशी सापडला. सापडला म्हणजे, मी पुढं चालत होतो आणि एकदम तो समोर येऊन उभा राहिला.

"मांगून पाच खेपा आवाज देल्ला तुमाले," तो म्हणाला.

"वारं होतं."

"वारं नाई, सरदार."

पानसुद्धा हलत नव्हतं. मग तो सगळं बोलला. माझे कान गेलेत हे त्याला दीड वर्षापासून माहीत होतं. म्हणून तो माझ्या खांद्याशी उभा राहायचा. छत बोललं की काहीतरी निमित्त काढून मला उठवायचा.

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तीन वर्ष राह्यले होते तुमचे. म्हटलं, तेवढे निघून जातीन. मी हाओच ना संगं." त्याचे डोळे भरले होते. "मी सुट्टी घ्याले नोको होती."

त्यानंही माझ्यासारखंच लपवलं होतं. पण तो निदान आता बोलत होता.

मी विचारलं, "त्या दिवशी... त्याइले आयकू आलं होतं?"

"तासभर बोलून राह्यलं होतं छत."

"मंग साहेबापुढं खोटं बोलले?"

"तुमची नोकरी जाईन म्हणून."

"आन पळाले काऊन नाई रे? आयकू येत होतं तं पळाले काऊन नाई?"

राजन्नानं मान फिरवली. मग त्याच्या लक्षात आलं की मान फिरवली तर मला कळणार नाही, आणि तो परत माझ्याकडं तोंड करून बोलला.

"तुम्ही बसून होते."

मी मॅनेजरकडं गेलो. डॉक्टरकडं गेलो आणि कपाटाकडं पाठ करून बसलो. पुन्हा जबाब लिहून दिला. शिक्षा झाली, तिचं इथं रडगाणं नको. कमीच झाली. उरलेली नोकरी मी वर दिव्यांच्या खोलीत बसून काढली. खाली जाणाऱ्यांना दिवे द्यायचे, वर आलेल्यांचे परत घ्यायचे. एकही दिवा परत यायला उशीर झाला की मी खाणीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचो.

कानात यंत्र बसलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या घरातला पंखा किती करकरतो. दोन दिवस मी जागाच होतो.

मग देवानंदच्या घरी गेलो. कापणी झाली होती. त्याची बायको कुसुम अंगणात धान पाखडत होती. जयभीम झाला. तिनं खुर्ची दिली, चहा ठेवते म्हणाली. मी म्हणालो, आधी बस, बाई, मले सांगू दे. आणि सांगितलं. कान गेले होते, मी लपवलं, छत तासभर बोलत होतं, मी बसून राहिलो, म्हणून तो बसला. एका दमात सांगितलं, नाहीतर मधेच थांबलो असतो.

ती रडली नाही. सूप मांडीवर धरून होती.

"कानाचं माहीत होतं आमाले," ती म्हणाली.

"कोणं सांगतलं?"

"त्याइनंच. म्हणे, आमच्या सरदाराले आयकू येत नाई. मी म्हटलं, मंग बहिऱ्या माणसाच्या मांगं कायले जाता, दुसरीकडं काम मांगून घ्या. तं हासले. म्हणे, तेच तं गोठ आहे. कान नाई तरी त्याले कळते, म्हंजे त्याले कोणीतरी सांगते. त्याच्याच संगं राहावं." ती थोडी पुढं झुकली. इतका वेळ ती सुपाकडं बघत होती, आता माझ्याकडं बघू लागली. "भाऊ, खरंच कोणी सांगे का तुमाले?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. हो म्हटलं असतं तर तिचा नवरा शहाणा ठरला असता. नुसता त्या एका दिवशी सांगणारा सांगायचा चुकला, एवढंच झालं असतं.

"राजन्ना सांगे, बाई," मी म्हणालो. "त्या दिवशी तो सुट्टीवर होता."

ती बराच वेळ काही बोलली नाही. बोलली असती तर मला ऐकू आलं असतं, यंत्र कानात होतं.